आनंदीबाईंचा प्रवेशअर्ज

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव कोणाला ठाऊक नाही? परंतु त्यांना प्रवेश कशाच्या बळावर मिळाला, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाईंचा विवाह नवव्या वर्षी गोपाळरावांशी झाला. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांतच दगावले. १८८३ मध्ये, पतीला मागे ठेवून, त्या अमेरिकेस गेल्या व फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे त्यांनी अर्ज केला. वय अवघे अठरा, शालेय शिक्षण तुटपुंजे. ते त्यांनी लपविले नाही. पुरुष वैद्याकडे जाण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या देशभगिनींसाठी, स्वजनांचा विरोध सोसून आपण आलो आहोत, हे त्यांनी मांडले. महाविद्यालयाने त्यांना प्रवेश दिला.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात नेमणूकही झाली. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने त्यांना पुण्यात गाठले. निव्वळ जमाखर्च मांडला तर ती जागा वाया गेली असे कोणी म्हणेल. मी म्हणणार नाही. पुढे रखमाबाईंसारख्या स्त्रिया त्याच वाटेने डॉक्टर झाल्या. आज आपल्याकडे ‘नीट’चे गुण पाहतात. गुण हवेतच; पण डॉक्टर कोणासाठी व्हायचे, हेही अर्जदाराला विचारायला हवे.