हॅरी फर्ग्युसन : ट्रॅक्टरच्या तीन बिंदू जोडणीचा जनक

तुम्ही नांगर ट्रॅक्टरला तीन ठिकाणी जोडता. ही पद्धत रुजवली आयर्लंडमधील शेतकऱ्याचा मुलगा हॅरी फर्ग्युसन (१८८४-१९६०) यांनी.

पूर्वी नांगर ट्रॅक्टरमागे नुसता ओढला जाई. तो दगडात अडकला की ट्रॅक्टर मागे उलटून चालकाचा जीव जाई. फर्ग्युसन यांनी खाली दोन हात, वर टॉप लिंक आणि हायड्रोलिक दिले. हलका ट्रॅक्टरही न उलटता नांगरू लागला.

१९३८ मध्ये त्यांनी हेन्री फोर्ड यांच्याशी लेखी करार न करता फक्त हस्तांदोलनावर भागीदारी केली. १९४७ मध्ये फोर्ड कंपनीने साथ सोडली, पण तीच जोडणी वापरली. खटल्यानंतर १९५२ मध्ये फर्ग्युसन यांना तडजोडीचे ९२.५ लाख डॉलर मिळाले. दरम्यान इंग्लंडमध्ये बनणारा त्यांचा टीई-२० ट्रॅक्टर जोरात खपत होता. १९५३ मध्ये त्यांची कंपनी मॅसी-हॅरिसमध्ये विलीन झाली. त्यातून मॅसी फर्ग्युसन हे नाव आले.

आज बहुतेक सर्व कंपन्यांच्या ट्रॅक्टरला हीच जोडणी असते. टॉप लिंकच्या जागी साखळी बांधून कधीही ओझे ओढू नका. आणि ट्रॅक्टरचा व्यवहार ओळखीतला असला, तरी लेखीच करा.