न्यूयॉर्क, लंडन आणि बॉन : बाबासाहेबांच्या शिक्षणाची तीन शहरं

गावातलं एखादं पोरगं परदेशात शिकायला निघालं की घरात पहिला प्रश्न येतो, कुठल्या शहरात जायचं? दुसरा येतो, पैसे कुठून आणायचे? आणि तिसरा प्रश्न कुणी मोठ्यानं विचारत नाही, पण तो सगळ्यांच्या मनात असतो. तिथे आपल्या पोराला माणूस म्हणून वागवतील का? शंभर वर्षांपूर्वी हे तिन्ही प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यासमोर होते. त्यांच्या पदव्यांची यादी सगळ्यांना पाठ आहे. पण त्या पदव्या कुठल्या शहरात, कशा पैशावर आणि काय सोसून मिळाल्या, हे फारसं सांगितलं जात नाही.

वडील गेले, तिथून सुरुवात

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महू छावणीतला. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. साताऱ्यात आणि मुंबईत शाळा झाली. कॉलेजसाठी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. बी.ए. झाल्यावर जानेवारी १९१३ मध्ये ते बडोद्याला नोकरीवर गेले. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. २ फेब्रुवारी १९१३ ला रामजीबाबा गेले.

घरचा कर्ता माणूस गेला होता. घरी पत्नी रमाबाई आणि तान्हा यशवंत. अशा वेळी कुणीही नोकरी धरून बसला असता. पण सयाजीराव महाराज काही विद्यार्थ्यांना अमेरिकेला पाठवणार होते. बाबासाहेबांनी अर्ज केला आणि त्यांची निवड झाली. ४ जून १९१३ ला करारावर सही झाली. तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड मिळणार, आणि शिकून आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची.

न्यूयॉर्क : शिष्यवृत्तीनं दाखवलेलं शहर

म्हणजे पहिलं शहर बाबासाहेबांनी स्वतः निवडलं नव्हतं. त्या काळी हिंदुस्थानातला पैसेवाल्याचा मुलगा शिकायला जायचा तो बहुतेक लंडनला, बॅरिस्टर नाहीतर सनदी अधिकारी व्हायला. सयाजीरावांनी वेगळा विचार केला. हे महाराज मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कौळाणे गावच्या शेतकरी घरातले, बडोद्याला दत्तक गेलेले. त्यांनी अमेरिका स्वतः फिरून पाहिली होती. तिथली ग्रंथालयं त्यांना इतकी आवडली की बडोद्यात वाचनालयं उभी करायला त्यांनी बॉर्डन नावाचा अमेरिकन माणूस आणला. त्याच महाराजांच्या पैशावर हा विद्यार्थी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला.

जुलै १९१३ च्या तिसऱ्या आठवड्यात बाबासाहेब न्यूयॉर्कला पोचले. आधी हार्टले हॉल या वसतिगृहात राहिले, पण तिथलं जेवण मानवेना. पुढे लिव्हिंगस्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्यासोबत राहिले. ही मैत्री जन्मभर टिकली आणि अडीनडीला कामाला आली.

एका पौंडाचे १५ रुपये धरले तर शिष्यवृत्ती महिन्याला साधारण पावणेदोनशे रुपये होत होती. आकडा मोठा वाटतो, पण शहर महागडं आणि त्यातूनच घरीही पैसे पाठवायचे. सुरुवातीचे काही महिने नव्या शहराच्या नवलाईत गेले. मग त्यांना जाणीव झाली की ही तीन वर्षं पुन्हा मिळणार नाहीत. त्यानंतर दिवसाचे अठरा अठरा तास अभ्यास सुरू झाला. अर्थशास्त्राचे एकट्याचे २९ अभ्यासक्रम त्यांनी घेतले. त्याशिवाय इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र, अगदी फ्रेंच आणि जर्मन भाषासुद्धा. सेलिग्मन यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञ आणि जॉन ड्यूई यांच्यासारखे तत्त्वज्ञ शिकवायला होते. लाला लजपतराय तेव्हा न्यूयॉर्कमध्ये चळवळीचं काम करत होते, पण बाबासाहेबांनी आधी अभ्यास संपवायचं ठरवलं.

१९१५ मध्ये एम.ए. झालं. मे १९१६ मध्ये त्यांनी भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला, जो आजही अभ्यासला जातो. पोटाला चिमटा काढून सुमारे दोन हजार जुनी पुस्तकं घेतली. पण या शहरानं दिलेली मोठी गोष्ट पदवीत मोजता येत नाही. साताऱ्याच्या शाळेत ज्या पोराला वेगळं बसवलं, ज्याला नळाला हात लावू दिला नाही, तो इथे सगळ्यांच्या बरोबरीनं खोलीत राहत होता, ग्रंथालयात बसत होता. जात विचारणारं कुणी नव्हतं.

लंडन : स्वतः निवडलेलं शहर

दुसरं शहर मात्र त्यांनी स्वतः ठरवलं. रुपया आणि सरकारी पैशाच्या कारभाराचा अभ्यास करायचा तर राज्य जिथून चालतं तिथे गेलं पाहिजे. हिंदुस्थान सरकारची कागदपत्रं, अहवाल, जुने हिशेब लंडनच्या ग्रंथालयांत होते. शिवाय तिथे बॅरिस्टरही होता येत होतं. महाराजांकडून परवानगी घेऊन १९१६ मध्ये ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि कायद्यासाठी ग्रेज इन, अशा दोन्ही ठिकाणी नाव घातलं.

पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि परतायचं फर्मान आलं. उभं पीक सोडून जायची वेळ आली. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची सवलत विद्यापीठाकडून घेऊन त्यांनी ऑगस्ट १९१७ मध्ये मुंबई गाठली. पहिलं महायुद्ध चालू होतं. ते स्वतः सुखरूप आले, पण त्यांचं सामान आणि पुस्तकं ज्या बोटीत होती ती बोट बुडवली गेली.

करारानुसार ते बडोद्याला नोकरीवर गेले. न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये ज्यांना कुणी अडवलं नाही, त्यांना बडोद्यात राहायला खोली मिळेना. कचेरीतला शिपाई कागद लांबून टाकायचा. एका पारशी धर्मशाळेत जात लपवून राहिले, तर काठ्या घेऊन माणसं आली आणि बाहेर काढलं. चार वर्षांचं परदेशी शिक्षण घेऊन आलेला माणूस रस्त्यावर आला. नोकरी सोडून ते मुंबईला परतले.

स्वतःच्या पैशानं परत

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी लागली. पगार महिना ४५० रुपये. हा पगार चांगला होता. पण डोक्यात लंडन होतं, आणि सवलतीची मुदत सरत चालली होती. रमाबाईंनी चाळीतल्या दोन खोल्यांत काटकसर करून संसार ओढला. पगारातून साठवलेले पैसे, नवल भथेनांकडून पाच हजारांचं कर्ज आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत, अशी मोट बांधून जुलै १९२० मध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले.

या खेपेला डोक्यावर कुणा राजाची शिष्यवृत्ती नव्हती. एकेक पेनी मोजून खर्च. सकाळी ग्रंथालय उघडताना आत जायचं आणि बंद होताना बाहेर पडायचं. दुपारचं जेवण बहुतेक वेळा नाहीच. रात्री भूक लागली की मुंबईहून नेलेले पापड भाजून खायचे आणि पुन्हा वाचायला बसायचं. इकडे रमाबाईंची ओढाताण त्याहून कमी नव्हती. या जोडप्याच्या पाच मुलांपैकी चार मुलं लहानपणीच गेली. बाबासाहेबांच्या पदव्यांचा हिशेब मांडायचा तर तो या घरापासून मांडावा लागतो.

१९२१ मध्ये एम.एस्सी. झालं. त्याच मुक्कामात बॅरिस्टरची सनदही मिळाली.

बॉन : अर्धवट राहिलेलं शहर

तिसरं शहर जर्मनीतलं बॉन. बाबासाहेबांनी १९२१ मध्ये जर्मन भाषेत अर्ज लिहिला आणि एप्रिल १९२२ मध्ये बॉन विद्यापीठात नाव नोंदवलं. तेव्हा जर्मनीचा मार्क रोज घसरत होता, त्यामुळे पौंड बदलून मार्क घेणाऱ्याला तिथे राहणं स्वस्त पडायचं. पण लंडनचा प्रबंध पुरा करायचा होता. एकाच वेळी दोन दगडांवर पाय ठेवता येईना. बॉनचं शिक्षण तसंच राहिलं.

लंडनचा प्रबंध होता रुपयाच्या प्रश्नावर. इंग्रज सरकारनं रुपयाचा भाव कसा ठरवला आणि त्यात इथल्या माणसाचं कसं नुकसान झालं, हे त्यात स्पष्ट लिहिलं होतं. परीक्षकांना ते झोंबलं आणि काही भाग पुन्हा लिहायला सांगितला. तोवर पैसे संपले होते. एप्रिल १९२३ मध्ये बाबासाहेब मुंबईला परतले, इथूनच दुरुस्त प्रबंध पाठवला आणि त्याच वर्षी डी.एस्सी. मिळाली. पुढे देशाच्या चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. याच आयोगाच्या शिफारशीतून रिझर्व्ह बँकेची वाट मोकळी झाली.

कोलंबियाची पीएच.डी.ही अशीच रखडली होती. तिथल्या नियमानुसार प्रबंध छापून द्यावा लागायचा आणि छपाईला पैसे लागायचे. प्रबंध १९२५ मध्ये छापून निघाला आणि पदवी १९२७ मध्ये हातात आली. न्यूयॉर्क सोडून तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

आजच्या पोरांसाठी

बाबासाहेबांनी पुढे मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभं केलं, म्हणजे खेड्यातल्या पोरांना शिक्षण जवळ आलं. आज राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थी तिच्यासाठी अर्ज करू शकतात. केंद्राचीही वेगळी योजना आहे. अर्ज करणाऱ्यानं शहराचं नाव किती मोठं आहे यापेक्षा तिथे आपल्या विषयाचे शिक्षक आणि पुस्तकं आहेत का, आणि हातातला पैसा किती महिने पुरेल, हे आधी पाहावं. मुदत संपली आणि शिक्षण अर्धं राहिलं तरी परत जायची सोय कागदावर करून ठेवावी. बाबासाहेबांनी १९१७ मध्ये तेच केलं होतं.

जून १९५२ मध्ये त्याच कोलंबिया विद्यापीठानं त्यांना बोलावून मानद पदवी दिली. लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर, जिथे ते विद्यार्थी म्हणून राहिले, ते महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये विकत घेतलं. तिथे आता त्यांचं स्मारक आहे. लंडनला शिकायला गेलेली महाराष्ट्रातली पोरं तिथे जाऊन नमस्कार करून येतात.