एडवर्ड अँगल : तुटणाऱ्या जोडाशी झगडलेला दंतवैद्य

गेल्या पावसाळ्यात तवसाळहून एक वडील मुलीला घेऊन फेरीबोटीने जयगडला माझ्या दवाखान्यात आले. मुलीला ताप होता. पण वडिलांच्या खिशात रुमालात गुंडाळलेली दुसरीच अडचण होती : दात सरळ करण्यासाठी दिलेली तिची काढ-घाल करायची प्लेट. पुढची तार आकड्याला जिथे डाख देऊन जोडली होती, नेमकी तिथून सुटली होती. रत्नागिरीला जायचे तर अख्खा दिवस मोडतो. बाजारातल्या सोनाराकडून डाख लावून घेतला तर चालेल का, असे ते विचारत होते. मी दंतवैद्य नाही, साधा एमबीबीएस. पण असल्या जोडांपायी ज्यांनी वर्षे घालवली त्या माणसाबद्दल मी वाचले होते.

एडवर्ड अँगल यांचा जन्म १८५५ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात झाला. १८७८ साली ते दंतवैद्य झाले. पुढे छातीच्या दुखण्याने गाठले, म्हणून ते पश्चिमेकडे गेले. माँटानात मेंढ्या पाळल्या आणि कडाक्याच्या हिवाळ्यात तो धंदा बुडाला. मग मिनिआपोलिसला येऊन पुन्हा दातांकडे वळले. मेंढ्या जगल्या असत्या, तर आजच्या ब्रेसेस कदाचित वेगळ्या दिसल्या असत्या.

त्या काळी वाकड्या दातांसाठीचे साधन प्रत्येक दंतवैद्य दागिन्यासारखे स्वतः घडवत असे. अँगल यांनी तयार सुटे भाग आणले : दाताभोवतीच्या पट्ट्या, नळ्या, स्क्रू. त्यासाठी वापरले जर्मन सिल्व्हर. नावात चांदी असली तरी आत तांबे, निकेल आणि जस्त. नळी पट्टीला जोडायची ती डाख देऊन. १८९९ साली त्यांनी दातांच्या चुकीच्या ठेवणीचे तीन वर्ग पाडले. तुमच्या मुलाच्या केसपेपरवर ‘क्लास टू’ लिहिलेले असेल, तर ते त्यांचेच. १९०० साली त्यांनी सेंट लुईसला या एकाच विषयाची शाळा काढली.

खरी कसोटी १९१०च्या सुमारास आली. प्रत्येक दाताच्या पट्टीवर उभी नळी आणि मुख्य तारेवर डाखाने जोडलेल्या बारीक खुंट्या, असे साधन त्यांनी बनवले. खुंटी नळीत बसली की दात मुळासकट हलवता येई. पण दात जरा सरकला की डाख वितळवून खुंटी काढायची आणि केसभर पलीकडे पुन्हा जोडायची, तीही दर भेटीला. हे जमणारे हात फार थोडे होते. आपली रचना चुकली हे मान्य करणे अँगल यांच्या स्वभावात फारसे नव्हते, तरी इथे त्यांनी ती बदलली. १९२५च्या सुमारास त्यांनी दातावर खाच असलेला ब्रॅकेट आणला. चौकोनी तार समोरून खाचेत सरकवायची आणि बारीक तारेने बांधायची. दर भेटीचा डाख संपला. ०.०२२ इंचाची ती खाच आजही वापरात आहे.

माणूस हट्टी आणि भांडखोर होता. एकही दात काढायचा नाही, हा त्यांचा आग्रह पुढे त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांनी मोडला, आणि ते योग्यच झाले. १९३० साली कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाला अँगल वारले. त्याच किनाऱ्यावर, मालिबूच्या प्रयोगशाळेत, १९६० साली थिओडोर मेमन यांनी पहिला लेसर चालवला.

डाखाला जे जमत नाही ते लेसरला जमते. ज्योतीने तार दूरवर तापते, स्टील मऊ पडते आणि ते पुन्हा कडक करता येत नाही. शिवाय डाख हा वेगळा धातू, लाळेत हळूहळू गंजणारा. लेसरचा झोत काही मिलिसेकंदांचा असतो. तो टिचभरही जागा तापवत नाही. जोडाचा ठिपकाच वितळतो आणि स्टील स्टीलमध्येच मिसळते. हवेने जोड खराब होऊ नये म्हणून वर आरगॉन वायू सोडतात. प्लास्टिकला लागून असलेली तारही त्यामुळे जोडता येते. हे काम प्लेट तोंडाबाहेर काढून आणि डोळ्यांना संरक्षण देऊन करतात. यंत्र दंतवैद्याकडेच असेल तर बसल्या जागी काम होते. पण ते महाग असल्याने बरेचदा प्लेट प्रयोगशाळेत पाठवावी लागते. तार झिजून बारीक झाली असेल, तर मात्र लेसरही फार दिवस तारत नाही. नवी तारच घालावी लागते.

सोनाराला मी नको म्हटले. ज्योतीने प्लेटचे प्लास्टिक जळाले असते. शिवाय दागिन्यांच्या काही डाखांत कॅडमियम असते. ‘केडीएम’ सोने म्हणतात ते त्यावरूनच. ते विषारी आहे, तोंडात नको. घरच्या गोंदानेही चिकटवू नका, आणि तुटकी प्लेट घालूही नका. पण आठवडे घालवू नका, दात मागे सरकू लागतात. त्याच दिवशी दंतवैद्याला फोन करा. तुटलेला तुकडा तोंडात सापडला नाही आणि खोकला किंवा धाप सुरू झाली, तर तो श्वासनलिकेत गेला असे धरून थेट रुग्णालय गाठा.

त्या मुलीची प्लेट पाचव्या दिवशी परत आली. वडिलांनी मुद्दाम आणून दाखवली. डाखाच्या जुन्या गाठीच्या जागी एकमेकांवर चढलेल्या, मोहरीहून बारीक ठिपक्यांची रांग होती.