महाविद्यालयाची पायरी न चढलेला संपादक : जोसेफ पुलित्झर

पत्रकार हा जन्मावा लागतो, तो वर्गात बसवून घडविता येत नाही, असा समज आपल्याकडे फार जुना आहे. बी.ए. नंतर वृत्तपत्रविद्येची पदव्युत्तर पदवी घेण्याचा विचार कोणी बोलून दाखविला की, दोन वर्षे फुकट घालविण्यापेक्षा एखाद्या वर्तमानपत्राच्या कचेरीत उमेदवारी करावी, असा सल्ला हमखास मिळतो. गंमत अशी की, या समजाविरुद्ध ज्याने आपली दौलत खर्ची घातली, तो संपादक स्वतः कचेरीतच घडलेला होता!

जोसेफ पुलित्झरचा जन्म 10 एप्रिल 1847 रोजी हंगेरीतील माको या गावी एका ज्यू धान्यव्यापाऱ्याच्या घरी झाला. वडील वारले आणि घराची स्थिती खालावली. सतरा वर्षांच्या या मुलाने सैन्यात जाण्याची धडपड केली. पण अधू दृष्टी आणि किरकोळ शरीरयष्टी आड आली. अखेर अमेरिकेतील यादवी युद्धासाठी भरती चालली होती, तीतून 1864 साली तो समुद्रापार गेला. युद्ध संपले आणि परक्या देशात, इंग्रजी धड येत नसलेला हा तरुण रस्त्यावर आला.

सेंट लुईस शहरात त्याने खेचरे सांभाळली, खानावळीत वाढप्याचे काम केले. मिळेल तो वेळ मात्र तो मर्कंटाईल ग्रंथालयात बसून इंग्रजी आणि कायदा शिकण्यात घालवी. तेथेच बुद्धिबळाच्या एका डावावर त्याने मार्मिक शेरा मारला आणि खेळणारे दोघे एका जर्मन वृत्तपत्राचे संपादक निघाले, अशी आख्यायिका सांगतात. ते कसेही असो, 1868 साली तो ‘वेस्टलिखे पोस्ट’ या पत्राचा बातमीदार झाला. दहा वर्षांनी त्याने लिलावात ‘डिस्पॅच’ हे बुडीत पत्र 2,500 डॉलरला घेतले आणि ते ‘पोस्ट’ या दुसऱ्या पत्राशी जोडून नावारूपाला आणले.

1883 साली पुलित्झर यांनी न्यूयॉर्कचे ‘वर्ल्ड’ विकत घेतले आणि ते कष्टकरी, नवागत माणसांचे पत्र केले. स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचा चौथरा पैशाअभावी रखडला, तेव्हा 1885 मध्ये त्यांनी वाचकांना हाक दिली. एक लाख डॉलरहून अधिक निधी जमला. बहुतेकांची देणगी एका डॉलरपेक्षाही कमी होती. तरीही देणाऱ्याचे नाव पत्रात छापले गेले. नेली ब्लाय या तरुणीने 1887 मध्ये वेडाचे सोंग घेऊन वेड्यांच्या इस्पितळात दहा दिवस काढले आणि तेथील हाल ‘वर्ल्ड’मधून उघड केले.

पण या चित्राला दुसरी बाजू आहे, आणि ती झाकून चालणार नाही. हर्स्ट यांच्या ‘जर्नल’शी 1895 नंतर अशी चुरस लागली की, खप हेच दैवत झाले. भडक मथळे, फुगविलेल्या बातम्या, रंगविलेले गुन्हे! 1898 मध्ये हवानाच्या बंदरात ‘मेन’ ही युद्धनौका स्फोटाने बुडाली, तेव्हा दोन्ही पत्रांनी स्पेनविरुद्ध युद्धज्वर भडकविला. ‘पीत पत्रकारिता’ हा शब्द याच स्पर्धेतून जगाला मिळाला.

पुलित्झर यांची दृष्टी याआधीच जवळजवळ गेली होती. बारीकसा आवाजही सोसवेना, म्हणून ते आवाज न शिरणाऱ्या खोल्यांत राहत आणि चिटणिसांकडून सारे वाचून घेत. पत्रकारांसाठी विद्यालय काढावे म्हणून त्यांनी 1892 मध्येच कोलंबियाला देणगी देऊ केली होती. ती तेव्हा नाकारली गेली. त्यांनी पिच्छा सोडला नाही. 1904 साली एक दीर्घ लेख लिहून त्यांनी आक्षेपकांना उत्तर दिले. डॉक्टर, वकील यांना शिक्षण लागते, मग लोकमत घडविणाऱ्यालाच ते का नको, असा त्यांचा सवाल होता. कायदा, इतिहास, अर्थशास्त्र, आकडेशास्त्र आणि नीती हे विषय शिकवावेत. पत्राचा धंदा कसा करावा हे मात्र शिकवू नये, असा त्यांचा आग्रह होता. खपाच्या शर्यतीत जो स्वतः घसरला होता, त्याचा हा आग्रह मला फार बोलका वाटतो.

29 ऑक्टोबर 1911 रोजी आपल्या नौकेवर त्यांचे निधन झाले. त्यांच्या वीस लाख डॉलरच्या देणगीतून 1912 मध्ये कोलंबियाचे विद्यालय उघडले. 1917 पासून पुलित्झर पारितोषिके सुरू झाली. 1935 पासून ते विद्यालय केवळ पदव्युत्तर शिक्षणाचे झाले. 1913 मध्ये याच विद्यापीठात अर्थशास्त्र शिकण्यासाठी डॉ. आंबेडकर दाखल झाले होते, आणि त्यांनीच 1920 साली ‘मूकनायक’ काढला, हे आपण विसरू नये. पुढे नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात आणि पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्येही वृत्तपत्रविद्येचे वर्ग निघाले.

आमच्या घरात महाविद्यालयात येणारे पहिले मीच. म्हणून दोन वर्षे फुकट जातील का, हा प्रश्न मला हसण्यावारी नेता येत नाही. पुलित्झर यांचे चरित्र वाचून एवढे कळले की, धडपडीने माणूस संपादक होऊ शकतो, खपही वाढवू शकतो. कुठे थांबावे हे मात्र त्यांना फार मोल देऊन कळले. तेवढे मोल पुढच्यांना पडू नये, म्हणूनच त्यांनी ही शाळा काढली असावी.