लॅम्पशेडमधून सूर काढणारी डेलिया

मैत्रिणींनो, आमच्या बचत गटातल्या एका ताईंच्या मुलाला कॉम्प्युटरवर संगीत तयार करायचा नाद आहे. परवा त्या अगदी काकुळतीला येऊन सांगत होत्या. मुलाला म्हणे तऱ्हेतऱ्हेचे आवाज लागतात, सॅम्पल म्हणतात त्यांना. चांगले आवाज विकत घ्यावे लागतात आणि घरात तर तेवढी ऐपत नाही. पैसेवाल्यांचेच हे छंद, असं म्हणून त्यांनी सुस्कारा सोडला. तेव्हा मला आठवली इंग्लंडची डेलिया डर्बीशायर.

डेलियाचा जन्म ५ मे १९३७चा, कॉव्हेंट्री शहरातला. वडील पत्र्याचं काम करणारे कारागीर. ती तीन वर्षांची असताना, नोव्हेंबर १९४०मध्ये, जर्मन विमानांनी हे शहर बेचिराख केलं. भोंग्यांचा तो चढता-उतरता आवाज तिच्या कानात कायमचा बसला. भीतीचाच आवाज तो, पण त्यातूनच तिला आवाजांचं वेड लागलं. पुढे आईवडिलांनी तिला पियानो घेऊन दिला. पोर अभ्यासातही हुशार. शिष्यवृत्ती मिळवून ती केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गेली आणि १९५९मध्ये गणित आणि संगीत घेऊन पदवीधर झाली. कामगाराच्या मुलीसाठी हे काही साधं नव्हतं.

पण नोकरीच्या वेळी काय झालं? एका मोठ्या रेकॉर्ड कंपनीने चक्क सांगितलं, रेकॉर्डिंगच्या स्टुडिओत आम्ही बायकांना घेत नाही! १९६०मध्ये ती बीबीसीत लागली आणि १९६२मध्ये हट्टाने तिथल्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये गेली. नाटकांसाठी आणि कार्यक्रमांसाठी नवेनवे आवाज तयार करायचे, हे तिथलं काम.

तेव्हा सिंथेसायझर बाजारात आलेला नव्हता. आवाज शोधावे लागत. तिच्या आवडीची वस्तू कोणती, तर एक हिरवी पत्र्याची लॅम्पशेड! तिच्यावर टोला द्यायचा, आवाज टेपवर घ्यायचा, ठोक्याचा भाग कापून टाकायचा आणि मागे राहिलेला घणघणाट वापरायचा. टेप दुप्पट वेगाने फिरवली की सूर एक सप्तक वर चढतो. असे एकेका सुराचे तुकडे ब्लेडने कापून, चिकटवून ती संगीत रचायची. सहारा वाळवंटातल्या तुआरेग लोकांवरच्या माहितीपटाला तिने ही लॅम्पशेड आणि स्वतःचा आवाज वापरून संगीत दिलं. १९६३मध्ये ‘डॉक्टर हू’ ही मालिका सुरू झाली. तिची धून रॉन ग्रेनर यांनी कागदावर लिहिली, पण ती कानांनी ऐकण्याजोगी केली डेलियाने, डिक मिल्स या सहकाऱ्याच्या मदतीने. ग्रेनरना श्रेय वाटून घ्यायचं होतं. बीबीसीच्या नियमात ते बसेना. तिच्या हाती पगार तेवढा आला, नाव नाही.

आता दुसरी बाजू बघा. १९६६मध्ये डेलिया, तिचा सहकारी ब्रायन हॉजसन आणि पीटर झिनोव्हिएफ यांनी मिळून एक छोटी संस्था काढली. झिनोव्हिएफ रशियातून आलेल्या खानदानी घराण्यातले, त्यात बायको श्रीमंताघरची. टेप कापत बसायचा त्यांना कंटाळा. मग बायकोने लग्नातला मोत्यांचा मुकुट विकला आणि त्या पैशातून घरात कॉम्प्युटर आला! त्या काळी कॉम्प्युटर मोठमोठ्या संस्थांकडेच असत. पैशाने माणसाचे कष्ट वाचतात, वेळ मिळतो, चुका करून बघायची मुभा मिळते. हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र मुकुट देणाऱ्या त्या व्हिक्टोरियाचं नाव किती जणांना ठाऊक आहे? म्हणजे श्रीमंत घरातही बाईचा वाटा झाकलेलाच!

डेलियाची पुढची वाट सुखाची नव्हती. १९७३मध्ये तिने बीबीसी सोडली. गॅसच्या पाइपलाइनच्या कामावर तिने रेडिओ ऑपरेटरची नोकरीसुद्धा केली. दारूने तब्येत पोखरली आणि ३ जुलै २००१ रोजी, चौसष्टाव्या वर्षी ती गेली. तिच्या माळ्यावर खोक्यांमध्ये २६७ टेप सापडल्या. मालिकेच्या पडद्यावर तिचं नाव झळकलं ते २०१३मध्ये, पन्नास वर्षांनी. २०१७मध्ये कॉव्हेंट्रीच्या विद्यापीठाने तिला मरणोत्तर मानद डॉक्टरेट दिली. पण हे बघायला ती कुठे होती?

मी त्या ताईंना एवढंच सांगितलं, की पैसा नाही म्हणून आवाज अडत नाहीत. तुमच्या घरातलं जातं, कळशी, पत्र्यावरचा पाऊस, सगळं मुलाला मोबाइलवर रेकॉर्ड करू दे. पण एक लक्षात ठेवा. जे काही तो तयार करेल, त्यावर पहिल्या दिवसापासून त्याचं नाव घालायला लावा. आणि जातं तुम्ही ओढलंत, तर तुमचंही!