खैऱ्यावरचं औषध मातीत सापडलं! शास्त्रज्ञ सेलमन वाक्समन यांची गोष्ट

महाड / पोलादपूर : पहिला पाऊस पडला की मातीला जो वास सुटतो, तो मातीतल्या सूक्ष्म जिवाणूंमुळे. त्याच जिवाणूंच्या मागे एका माणसाने आख्खं आयुष्य घातलं. परसातल्या लिंबावर खैऱ्या पडला, पानाफळांवर खरखरीत तपकिरी फोड उठले, की दुकानातून स्ट्रेप्टोसायक्लीनची पुडी आणायची, हे पुष्कळांना ठाऊक आहे. तिच्यातलं मुख्य औषध, स्ट्रेप्टोमायसीन, हे त्याच्याच प्रयोगशाळेतून आलेलं.

सेलमन वाक्समन 1888 साली युक्रेनमधल्या एका गावात ज्यू घरात जन्मले. लहानपणीच धाकटी बहीण घटसर्पाने गेली, औषध वेळेत पोचलं नाही. 1910 मध्ये ते अमेरिकेला गेले, नातेवाइकाच्या शेतावर राबले आणि रटगर्स कॉलेजात माती शिकले. पुढची कितीतरी वर्षं एकच काम : मातीतला कोणता जीव दुसऱ्याला मारतो ते बघणं. लोकांना हे वेडच वाटलं असणार!

1943 मध्ये त्यांचा विद्यार्थी अल्बर्ट शाट्झ याला हवा तो जिवाणू मिळाला. एक वाण भरपूर शेणखत घातलेल्या मातीतला, दुसरा चक्क कोंबडीच्या घशातला. त्यातून निघालेल्या औषधाने टीबीचे जंतू मेले. तोवर टीबीवर खात्रीचं औषधच नव्हतं.

1952 चं नोबेल मात्र एकट्या वाक्समन यांना मिळालं. शाट्झ त्याआधीच कोर्टात गेले होते. तडजोडीत सहसंशोधक म्हणून त्यांचं नाव लागलं. पोराची मेहनत झाकली गेली, हे खरंच. वाक्समन 1973 मध्ये वारले.

खैऱ्या हा बुरशीचा नव्हे, जिवाणूचा रोग. आपल्याकडच्या धो धो पावसात तो थेंबांबरोबर पानोपानी उडतो, नागअळीने केलेल्या जखमांतून आत शिरतो. म्हणून हे औषध चाललं. पण सारखं फवारलं की जे जिवाणू वाचतात ते त्याला दाद देत नाहीत, आणि हेच औषध माणसाच्या टीबीलाही लागतं. त्यामुळे 2021 मध्ये केंद्राने ते शेतीतून बाद करायची पावलं उचलली. आता पावसाआधी रोगट फांद्या छाटून जाळायच्या आणि सुपारीवर मारतो ते बोर्डो मिश्रण लिंबावरही मारायचं.