भार वाटून घेणारी चिप

जुन्या घरगुती संगणकांचे वेड असलेल्या माणसाच्या हाती ‘अमिगा १०००’ लागला, की तो बहुधा लगेच सुरू केला जात नाही. आधी स्क्रू काढून त्याचे झाकण उलटे करून पाहिले जाते. झाकणाच्या आतल्या बाजूला, प्लास्टिकमध्येच उमटवलेल्या बऱ्याच सह्या असतात. हा संगणक ज्यांनी घडवला, त्यांच्या या सह्या. त्यांच्यात एका कुत्र्याच्या पंजाचा ठसाही आहे. ते कुत्रे म्हणजे मिची, आणि त्याचे मालक जे मायनर.

अटारी २६००, अटारी ८०० आणि अमिगा या तीन यंत्रांनी अमेरिका आणि युरोपातल्या एका पिढीचे बालपण व्यापले होते. या तिन्ही यंत्रांच्या मुख्य चिपमागे मायनर यांचे डोके होते. याच माणसाने हृदयात बसवायच्या उपकरणांसाठीही चिप आखल्या, ही बाब मात्र खेळांच्या गर्दीत हरवून जाते. आणि ज्यांनी दुसऱ्यांच्या हृदयांसाठी काम केले, त्या मायनर यांचे स्वतःचे आयुष्य मूत्रपिंडाच्या आजाराशी झगडण्यात गेले.

तटरक्षक दल ते चिपचे जग

जे ग्लेन मायनर यांचा जन्म ३१ मे १९३२ रोजी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या प्रेस्कॉट गावी झाला. पुढे कुटुंब दक्षिण कॅलिफोर्नियात आले. शाळा संपल्यावर ते तटरक्षक दलात भरती झाले. इलेक्ट्रॉनिक्सचे पहिले धडे त्यांना मिळाले ते तिथल्या प्रशिक्षण केंद्रात. १९५२ मध्ये त्यांचे लग्न झाले. उत्तर अटलांटिकमधल्या हवामान-टेहळणीच्या नोकरीनंतर त्यांनी बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रवेश घेतला आणि १९५८ मध्ये अभियांत्रिकीची पदवी मिळवली.

तो काळ ट्रान्झिस्टर आकसत जाण्याचा होता. टेबलभर पसरलेले मंडल नखाएवढ्या सिलिकॉनवर कसे बसवायचे, हा त्या काळातला मोठा प्रश्न होता. मायनर यांना हेच काम आवडले. १९६०च्या दशकात त्यांनी कॅल्क्युलेटरच्या सुरुवातीच्या चिपवर काम केले. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या सिनर्टेक या चिप कंपनीच्या संस्थापकांत ते होते. तिथून ते अटारीत पोहोचले.

अटारीला घरच्या टीव्हीला जोडता येईल असे खेळयंत्र हवे होते. ते स्वस्त असायला हवे होते, आणि त्या काळी मेमरी फार महाग होती. १९७७ मध्ये बाजारात आलेल्या अटारी २६०० मध्ये फक्त १२८ बाइट मेमरी होती. या परिच्छेदातली अक्षरेसुद्धा तिच्यात मावणार नाहीत. मग पडद्यावरचे चित्र ठेवायचे कुठे? उत्तर असे निघाले, की चित्र साठवायचेच नाही. जुन्या टीव्हीत चित्र वरून खाली, ओळीमागून ओळ रंगवले जाते. एका ओळीला सेकंदाचा सुमारे सोळा हजारावा भाग मिळतो. तेवढ्या वेळात पुढच्या ओळीत काय दिसायला हवे ते चिपला सांगायचे आणि चिपने ते रंगवायचे. सहकाऱ्यांनी सुट्या भागांतून उभारलेले हे मंडल मायनर यांनी एकाच चिपमध्ये बसवले. ते यंत्र पुढे सुमारे तीन कोटी विकले गेले.

त्यानंतर १९७९ मध्ये आलेल्या अटारी ४०० आणि ८०० या घरगुती संगणकांसाठी त्यांनी पुढची पायरी गाठली. आता पडदा रंगवण्याचे काम मुख्य प्रोसेसरकडे ठेवलेच नाही. त्यासाठी वेगळ्या चिप नेमल्या. मुख्य प्रोसेसरने विचार करावा आणि बारीकसारीक, पुन्हापुन्हा करायची कामे मदतनीसांनी उचलावीत, हे सूत्र मायनर यांनी पुढे कधी सोडले नाही.

हृदयासाठी चिप

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना मोटोरोलाच्या ६८००० या नव्या, ताकदवान प्रोसेसरवर एक संगणक बांधायचा होता. अटारीच्या व्यवस्थापनाला त्यात रस नव्हता. मायनर यांनी नोकरी सोडली आणि ते पेसमेकरच्या चिप बनवण्याच्या कामाला लागले.

वरवर पाहता खेळ आणि हृदय यांचा काय संबंध? अभियंत्याच्या दृष्टीने मात्र दोन्ही कामे एकमेकांच्या जवळची आहेत. आपल्या हृदयाचे ठोके त्याच्यातच निर्माण होणाऱ्या विद्युत लहरींवर चालतात. ही लहर मंदावली किंवा मध्येच अडली, की माणसाला चक्कर येते, शुद्ध हरपते. पेसमेकर हृदयावर लक्ष ठेवतो. ठोका वेळेवर आला तर तो गप्प बसतो, नाही आला तर सौम्य विद्युत टोचणी देतो. तोही एक मदतनीसच आहे. त्याच्या चिपने वेळ अचूक पाळायला हवी आणि शरीरात बंद असलेली बॅटरी वर्षानुवर्षे पुरवायला हवी. थोड्या साधनांत, नेमक्या क्षणी, न चुकता काम करणे ही गोष्ट मायनर यांनी आधीच साधली होती.

दंतवैद्यांचे पैसे, उशीचे तिकीट

१९८२ मध्ये अटारीतल्या एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा येथे नवी कंपनी निघत होती. पैसे घातले होते फ्लोरिडातल्या काही दंतवैद्यांनी. त्यांना हवे होते खेळयंत्र. मायनर यांनी होकार दिला तो ६८००० प्रोसेसर वापरण्याच्या आणि पुढे पूर्ण संगणक करता येईल असा आराखडा ठेवण्याच्या बोलीवर. कंपनीचे नाव झाले अमिगा. हा स्पॅनिश भाषेतला ‘मैत्रीण’ या अर्थाचा शब्द आहे.

स्पर्धकांना सुगावा लागू नये म्हणून यंत्राला नाव दिले लॉरेन, जे कंपनीच्या प्रमुखांच्या पत्नीचे नाव होते. आतल्या तीन चिपही पुढे ॲग्नस, डेनिस आणि पॉला या बायकांच्या नावांनीच ओळखल्या गेल्या. ॲग्नस मेमरीची वाटणी पाहायची आणि चित्रांचे तुकडे झपाट्याने इकडून तिकडे हलवायची. डेनिस पडदा रंगवायची. पॉला चार वाटांनी आवाज काढायची आणि फ्लॉपीचेही पाहायची. मायनर यांना विमानोड्डाणाच्या सिम्युलेटरचे आकर्षण होते. घरच्या टेबलावर तसे दृश्य उभे करण्याची इच्छा या आराखड्यामागे होती. एका विशेष पद्धतीने पडद्यावर एकाच वेळी ४,०९६ रंग दाखवता येत.

बहुतेक सहकारी तरुण होते, तर मायनर पन्नाशीत. कार्यालयातही मिची त्यांच्यासोबत असायचे. त्याच्या नावाची पाटीसुद्धा दारावर होती. आराखड्यातला अवघड निर्णय घेताना मायनर मिचीकडे पाहायचे आणि त्याची मुद्रा बघून रेघ मारायचे किंवा खोडायचे, अशी गंमत सहकारी सांगत.

जानेवारी १९८४ मध्ये लास वेगासच्या प्रदर्शनात यंत्र दाखवायचे ठरले. चिप अजून तयार झाल्या नव्हत्या. एकेका चिपच्या जागी तारांनी गच्च भरलेल्या पाट्यांची चळत होती. हे सामान विमानाच्या पोटात टाकण्याची हिंमत होईना. मग लॉरेनसाठी प्रवासी आसनाचेच तिकीट काढले, नाव लावले ‘जो पिलो’, म्हणजे उशीराव, असा किस्सा त्या चमूत सांगितला जातो.

प्रदर्शनात पडद्यावर लाल-पांढऱ्या चौकड्यांचा एक मोठा चेंडू गरगर फिरत उसळ्या मारत होता. एवढे काम करणारा खरा संगणक टेबलाखाली लपवला असेल, म्हणून लोक वाकून पाहायचे. यातली मेख अशी, की चेंडूचे फिरणे म्हणजे केवळ रंगांच्या यादीतली अदलाबदल होती आणि उसळी म्हणजे चित्राचा थर सरकवणे. दोन्ही कामे मदतनीस चिप करत होत्या, मुख्य प्रोसेसर जवळजवळ रिकामा होता.

पैसे मात्र संपत आले होते. पगार भागवण्यासाठी एका वरिष्ठाला घर दुसऱ्यांदा गहाण ठेवावे लागले. अटारीकडून ५ लाख डॉलर उसने घेतले, ते जूनअखेर परत करायचे होते. ऐन वेळी कमोडोर कंपनीने अमिगाला विकत घेण्याची तयारी दाखवली. २३ जुलै १९८५ रोजी न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये अमिगा १००० लोकांसमोर आला. चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी त्या मंचावर या यंत्रावर गायिका डेबी हॅरी यांचे चित्र रंगवून दाखवले.

पिप्-पिप् आणि संगीत

आपल्याकडच्या अनेकांची संगणकाशी पहिली ओळख नव्वदच्या दशकात, शाळेतल्या किंवा क्लासमधल्या डॉसवर चालणाऱ्या पीसीशी झाली. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’त तलवारीला तलवार भिडली, की पीसीच्या पोटातून एकसुरी पिप्-पिप् यायचे, हे अनेकांना आजही आठवत असेल. कारण साध्या पीसीला आवाजासाठी वेगळा मदतनीस नव्हता. तोच खेळ अमिगावर वाद्यांच्या सुरावटीसह चालायचा. १९८७ मध्ये आलेला स्वस्त अमिगा ५०० युरोपातल्या घराघरांत पोहोचला. स्कॉटलंडच्या डंडी शहरात घडलेला, १९९१चा ‘लेमिंग्ज’ हा खेळ मुळात याच यंत्रासाठी बनला.

अमिगा कोलमडला, की काळ्या पडद्यावर लाल चौकटीत ‘गुरू मेडिटेशन’ अशी अक्षरे यायची. कंपनीने पैशासाठी उभे राहून खेळायची एक डुगडुगती पाटी विकली होती. यंत्र बंद पडले की वैतागलेले अभियंते त्या पाटीवर मांडी घालून स्थिर बसण्याचा सराव करत. त्यावरून हा विनोद सुचला. ध्यानाची ही आठवण जुन्या खेळाडूंच्या डोळ्यांसमोर अजूनही लखलखते.

बहिणीने दिलेले मूत्रपिंड

हे सगळे चालू असताना मायनर यांची मूत्रपिंडे त्यांना साथ देत नव्हती. आयुष्याचा मोठा भाग त्यांनी या आजारात काढला. निरोगी माणसाची दोन मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातले जवळजवळ सगळे शरीरात परत जाते आणि दीड-दोन लिटर मूत्र बनते. शिवाय रक्तदाब, क्षार आणि रक्तपेशी यांचे गणितही तीच सांभाळतात. हे सारे मुकाट्याने चालते, म्हणून बिघाड वाढेपर्यंत कळत नाही. मूत्रपिंडे थकली की डायलिसिसचे यंत्र त्यांच्या कामाचा काही भाग उचलते. साधारणपणे आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास माणूस त्या यंत्राला जोडलेला असतो. मायनर यांनाही डायलिसिसचा आधार घ्यावा लागला. पुढे त्यांच्या बहिणीने आपले एक मूत्रपिंड त्यांना दिले.

दात्याचे उरलेले एक मूत्रपिंड हळूहळू आपली क्षमता वाढवते आणि नीट तपासण्या करून निवडलेला निरोगी दाता एका मूत्रपिंडावर सामान्य आयुष्य जगू शकतो. रुग्णाला मात्र शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून कायम औषधे घ्यावी लागतात. मूत्रपिंडविकाराचा ताण हृदयावरही पडतो.

कमोडोरशी मायनर यांचे फार काळ जमले नाही. त्यांनी आखलेल्या पुढच्या पिढीच्या चिप कंपनीने वापरल्या नाहीत. अखेरच्या वर्षांत ते पुन्हा हृदयाकडे वळले. या वेळी काम होते शरीरात बसवायच्या डिफिब्रिलेटरच्या चिपचे. हृदय ताल सोडून नुसते थरथरू लागले, तर हे उपकरण क्षणात ते ओळखते आणि झटका देऊन ताल परत आणते. उरलेल्या वेळात पत्नीसोबत भटकंती, बोन्सायची झाडे आणि विमानांच्या प्रतिकृती हे त्यांचे छंद होते.

२९ एप्रिल १९९४ रोजी कमोडोरने दिवाळे जाहीर केले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, २० जून १९९४ रोजी, मूत्रपिंड निकामी झाल्याने उद्भवलेल्या गुंतागुंतीमुळे मायनर यांचे कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यू येथे निधन झाले. ते ६२ वर्षांचे होते.

त्याच वर्षी भारताच्या संसदेने मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा केला. महाराष्ट्र आणि गोव्यात तो फेब्रुवारी १९९५ पासून लागू झाला. या कायद्यानुसार भाऊ-बहीण हे जवळचे नातेवाईक मानले जातात आणि ते अवयव देऊ शकतात.

कमोडोर गेली, पण अमिगा पूर्णपणे गेला नाही. हौशी अभियंत्यांनी त्याच्या चिपचा व्यवहार नव्या हार्डवेअरमध्ये हुबेहूब उतरवला आहे. २०२२ मध्ये अमिगा ५००ची चिमुकली आवृत्तीही बाजारात आली. आज प्रत्येक मोबाइलमध्ये चित्रासाठी, आवाजासाठी, कॅमेऱ्यासाठी वेगवेगळे विभाग असतात. एकट्यावर सगळा भार टाकायचा नाही, हे मायनर यांनी जपलेले सूत्रच त्यांच्यात चालते. माणसाच्या शरीराला हे सूत्र फार आधीपासून ठाऊक आहे. त्यातला एखादा मदतनीस थकला, तर त्याचा भार उचलायला यंत्र येऊ शकते आणि सख्खी बहीणही.